शनिवारी मॅच, समोर लांब थ्रोवाली टीम: आठवडाभर काय करायचं?

[कॅमेऱ्यासमोर. मागे पांढरा बोर्ड, त्यावर मैदानाची आकृती आणि रंगीत मॅग्नेट.]

नमस्कार मंडळी. समजा, गोव्यातल्या शाळेची सतरा वर्षांखालची फुटबॉल टीम आहे. जिल्हा जिंकून राज्य पातळीवर आलात. मॅच शनिवारी, आणि समोर दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याची शाळा. डिचोली, सत्तरी, पेडणे, म्हणजे उत्तरेकडच्या तालुक्यांतल्या कुठल्याही पीटी सरांना विचारा, ‘सासष्टी’ हे नाव कानावर पडलं की अर्धी टीम बसमध्येच हरते. त्यांच्याकडे प्रत्येक वाड्यावर मैदान, घरात काका क्लबला खेळलेला, असं सगळं. थोडंफार खरंही आहे ते. पण शनिवारी त्यांचेसुद्धा अकराच उतरणार, आणि तीही नववी-दहावीचीच पोरं.

आज बोलायचंय ते तयारीबद्दल. समोरच्या टीमचा अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय बघायचं, आणि त्यातलं पोरांना किती सांगायचं. माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही वीस गोष्टी टिपा, पोरांना दोनच सांगा. उरलेल्या अठरा तुमच्या सरावात दिसल्या पाहिजेत, भाषणात नाही.

[बोर्डजवळ.]

आधी बघायचं कसं. त्यांची एखादी मॅच मिळाली तर जाऊन बघा. उघड्या मैदानावरची मॅच बघण्यात काही गैर नाही. त्यांच्या सरावाला कुंपणाआडून डोकावू नका, आणि दुसऱ्यांच्या पोरांचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. अल्पवयीन मुलं आहेत ती. वही पुरते.

बसायचं शक्यतो गोलच्या मागे, जरा उंचावर. बाजूने बघितलं की चेंडूच दिसतो, मागून बघितलं की दोन खेळाडूंमधली फट दिसते. आणि पहिली दहा मिनिटं चेंडू बघायचाच नाही. अवघड आहे, मान आपोआप वळते. पण चेंडू त्यांच्या डाव्या विंगकडे असताना उजवा बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, काय करतोय, हे टिपायला तुम्ही तिथे गेलाय. तो कमरेवर हात ठेवून उभा असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

फॉर्मेशन लिहायच्या फंदात फार पडू नका. शाळेच्या पातळीवर चार-चार-दोन हे किक-ऑफपुरतं असतं. पाच मिनिटांत पुढे एक वेगवान पोरगा, मागे दोन धिप्पाड बॅक, आणि मधे जत्रा. त्यापेक्षा हे बघा: चेंडू हातचा गेला की ते मागे पळतात की रेफरीकडे बघतात? कीपरचा बूट किती लांब जातो? उंच चेंडूला तो बाहेर येतो की लाइनला चिकटून राहतो? गोल मोठ्यांचाच असतो, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. पंधरा वर्षांचा बुटका कीपर असेल तर बारखालचा चेंडू त्याच्या हाताला लागत नाही. हे एवढं दिसलं तरी तुमच्या शूटिंगच्या सरावाला दिशा मिळते.

आणि गोल किक बघा. 2019 पासून नियम असा आहे की गोल किकचा चेंडू पेनल्टी एरियाच्या बाहेर जावाच लागतो असं नाही, आतल्या आत पास देता येतो. टीव्हीवर बघून आता शाळेची पोरंही कीपरकडून बॅकला छोटा पास खेळतात. चिखलात! असली टीम समोर आली तर देवाचे आभार माना. चेंडू खेळात येईपर्यंत तुमच्या दोघांनी एरियाच्या रेषेबाहेर थांबायचं, आणि पास झाला रे झाला की आत घुसायचं. जुलैमधल्या लाल चिखलात तो पास अर्ध्या वाटेवर अडकतो.

[कॅमेऱ्याजवळ येऊन.]

आता मुख्य विषयाकडे येतो. लांब थ्रो. म्हणजे चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर हाताने आत फेकतात तो थ्रो-इन, पण थेट गोलसमोर पडणारा.

शालेय फुटबॉलमध्ये लांब थ्रो म्हणजे कॉर्नरच, उलट कॉर्नरपेक्षा वाईट. का? थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. त्यांचा माणूस तुमच्या कीपरच्या नाकासमोर उभा राहिला तरी चालतं. आणि हातातून आलेला चेंडू पायाच्या चेंडूपेक्षा नेम धरून येतो. समोरच्या टीममध्ये असा फेकणारा एक जरी असला, तरी तुमच्या गोलपासून पंचवीस मीटरवरचा प्रत्येक साधा थ्रो हा गोलचा चान्स होतो.

म्हणून मॅच बघताना वहीत मैदानाचं चित्र काढा आणि प्रत्येक लांब थ्रोसाठी एक रेघ मारा. कुठून सुटला, कुठे पडला. बहुतेक वेळा रेघा एकाच ठिकाणी जातात, जवळच्या पोस्टच्या पुढे. तिथे त्यांचा उंच बॅक येऊन डोक्याने मागे ढकलतो, आणि मागून धावत आलेला तिसराच पोरगा गोल मारतो. गोल मारणाऱ्याकडे सगळे बघतात. तुम्ही त्या उंच बॅककडे बघा.

[बोर्डवर लाल मॅग्नेट जवळच्या पोस्टपाशी, निळा त्याच्या पुढे, दुसरा निळा त्याच्या मागे.]

बचाव असा. त्या उंच मुलाच्या पुढे आपला एक, मागे एक. पुढचा उडी मारून जिंकेलच असं नाही. त्याने फक्त त्या उंच मुलाला मोकळं डोकं लावू द्यायचं नाही, अंगाला अंग लागलं पाहिजे, हात मात्र खाली. पेनल्टी एरियाच्या कडेला दोघे उभे करा, कारण पहिला चेंडू डोक्याने बाहेर काढला की तो तिथेच पडतो. फेकणाऱ्यासमोर एक जण हवा. नियमाप्रमाणे टचलाइनवरच्या थ्रोच्या जागेपासून दोन मीटर लांब, त्याहून जवळ नाही. तिथे उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, हात फिरवायचे नाहीत, कार्ड मिळतं. नुसतं उभं राहायचं. फेकणाऱ्याला चेंडू थोडा उंचावरून द्यावा लागतो आणि आपल्या पोरांना हलायला एक क्षण जास्त मिळतो.

कीपरला एक गोष्ट पक्की सांगून ठेवा. थ्रो-इनवरून थेट गोल होत नाही. कोणाचाही स्पर्श न होता चेंडू सरळ जाळ्यात गेला तर आपल्याला गोल किक मिळते. पण कीपरचं बोट लागून आत गेला तर तो गोल. त्यामुळे बाहेर यायचं तर दोन्ही मुठींनी, मोठ्याने ‘म्हजो!’, म्हणजे ‘माझा!’, असं ओरडून यायचं. नाही तर यायचंच नाही. अर्धवट आलेला कीपर सगळ्यात धोक्याचा.

कीपरवरून आठवलं. 1983-84 च्या संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, गोव्याने एकही गोल न खाता ट्रॉफी आणली, तेव्हा गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होते. आजच्या पोरांना युरोपमधल्या कीपरच्या ग्लोव्हजचा ब्रँड पाठ असतो, हे नाव मात्र सांगावं लागतं. सांगा त्यांना. सासष्टीच्या धास्तीवर हे औषध बरं, ब्रह्मानंद ताळगावचे, म्हणजे तिसवाडी तालुक्यातले, सासष्टीतले नव्हेत.

[पुन्हा बोर्डकडे. एक निळा मॅग्नेट मध्यरेषेजवळ सरकवतात.]

आता या थ्रोची दुसरी बाजू. तो उंच बॅक पुढे आला म्हणजे मागे कोण राहिलं? त्यांचे दोन्ही सेंटर बॅक तुमच्या एरियात असतील तर त्यांच्या निम्म्या मैदानात जेमतेम एक फुलबॅक आणि कीपर. म्हणून आपला सगळ्यात चपळ पोरगा बचावाला मागे आणू नका. त्याला मध्यरेषेच्या अलीकडे, आपल्याच भागात ठेवा. आपल्या अर्ध्या मैदानात असलेल्या खेळाडूला ऑफसाइड लागत नाही. चेंडू आपल्याला मिळाला की कुठेही भिरकावायचा नाही, त्याच्या बाजूच्या टचलाइनकडे मारायचा. त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार हीच तुमची सगळ्यात चांगली संधी. माझ्या मते असल्या टीमविरुद्धचे निम्मे गोल इथूनच निघतात.

तर शनिवारसाठी पोरांना सांगायच्या दोन गोष्टी ठरल्या. थ्रोला उंच मुलाच्या पुढे-मागे एकेक. आणि चेंडू आपल्याला मिळाला की मध्यरेषेजवळच्या पोराकडे. बस.

आता सरावाचं. मंगळवारी तुमच्या राखीव पोरांना ‘ते’ बनवा. वेगळ्या रंगाचे बिब्स, म्हणजे जर्सीवर घालायची बिनबाह्यांची जाकिटं, द्या, तुमच्यातल्या उंच मुलाला तो उंच बॅक करा, हात चांगला असणाऱ्याला फेकणारा करा, आणि त्यांना खासगीत सांगा की आज आपल्या पहिल्या अकरांना छळायचं. बाकावर बसणाऱ्या पोरांचा त्या दिवशीचा उत्साह बघा. एरवी बिब्सच्या पिशव्या उचलणारा मुलगा एकदम कॅप्टनसारखा ओरडायला लागतो. आणि ते खरंच छळतात. फेकणाऱ्याचा हात तितका लांब जात नसेल तर त्याला रेषेच्या चार पावलं आत उभं करा, सराव आहे, रेफरी नाही.

दर तीन-चार थ्रोंनंतर थांबवा आणि विचारा, ‘चेंडू कुठे पडला?’ तुम्ही सांगू नका. पोरांनी बोट दाखवलं पाहिजे. बुधवारी तेच, पण दमल्यावर, सरावाच्या शेवटच्या भागात. मॅचमध्ये गोल खूपदा शेवटच्या दहा मिनिटांत खाल्ला जातो, ताज्या पायांनी केलेला सराव तेव्हा उपयोगी पडत नाही. गुरुवारी आपले कॉर्नर, आपले फ्री किक, आणि बारखालचं शूटिंग. शुक्रवारी हलकं. शेवटच्या दोन दिवसांत मैदानाला फेऱ्या मारायला लावून कोणाचा दम वाढत नाही, पाय तेवढे जड होतात. हे काही सरांना अजून पटत नाही. पळवल्याशिवाय त्यांना शिकवल्यासारखंच वाटत नाही.

वॉर्म-अपला फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वापरा. वीसेक मिनिटांचा आहे, फुकट आहे, खास साहित्य लागत नाही. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, त्यात दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी निघाल्या. एवढं पुरेसं आहे.

मैदान आधी बघून या. मॅच म्हापशाला धुळेरला असेल तर ते कृत्रिम टर्फ, चेंडू घसरत पळतो, लांब स्टड्स नकोत. चिऱ्याच्या लाल मातीचं मैदान असेल तर पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे साचतं ते बघा. बहुतेक मैदानांत एक कोपरा तळं असतो. पहिल्या हाफमध्ये तो कोपरा आपल्या बचावाकडे येणार असेल तर बॅकना सांगा, तिथे कीपरला मागे पास द्यायचा नाही. ओला चेंडू हातातून निसटतो, त्यामुळे पावसात त्यांचा थ्रो आखूड पडेल. पण ते टॉवेल आणणार हे धरून चाला.

क्रीडा संचालनालयाचं परिपत्रक नीट वाचा. मॅच किती मिनिटांची, बदली खेळाडू किती, बरोबरी झाली तर जादा वेळ आहे की सरळ पेनल्टी. शिटी वाजल्यावर टेबलाकडे विचारायला धावणारे सर मी बघितले आहेत.

खाण्याचं एका वाक्यात: मॅचच्या तीन तास आधी भात किंवा पेज, नंतर केळं, आणि कॅन्टीनचा बटाटवडा मॅच संपल्यावर.

हाफ टाइमला तुम्ही आधी बोलू नका. पाणी, श्वास, मग विचारा, ‘काय दिसतंय?’ आतून त्यांना जे कळतं ते बाकावरून दिसत नाही. ‘सर, तो फेकणारा आता डाव्या बाजूनेच येतो’ असं एखादा सांगेल. मग एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या तर एकही लक्षात राहत नाही.

आणि पेनल्टीची यादी शुक्रवारीच करा. पाच नावं क्रमाने, पुढे सहावं-सातवं. मैदानावर ‘कोण मारणार?’ असं विचारलं की सगळे बुटाची नाडी बांधायला वाकतात. कीपरला आठवण द्या, किक लागेपर्यंत एका पायाचा काही भाग तरी लाइनवर, लाइनच्या वर हवेत किंवा लाइनच्या मागे असला पाहिजे, नाही तर अडवलेली पेनल्टी परत मारायला लागू शकते. यादी कागदावर लिहा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पाऊस येणारच आहे.

तुमची मॅच कोणाशी आहे आणि त्यांचं हत्यार काय, ते खाली लिहा. जमेल तितक्यांवर पुढच्या व्हिडिओत बोर्डवर बोलू. चला, शनिवारसाठी शुभेच्छा.