जूनचं दप्तर आणि वीस टक्के नफा

नमस्कार मंडळी. तुमच्याकडं पाऊस आला का? आमच्या स्टुडिओवर पत्रा आहे आणि सकाळपासून त्याच्यावर ताशा वाजतोय, तेव्हा मधे खरखर ऐकू आली तर रेडिओला थापट्या मारू नका, तो पाऊस आहे.

आज दप्तराबद्दल बोलायचंय. जून उजाडला की घरात काय होतं ते मी सांगायला नको, बियाणं, खत, घरभाडं, मागच्या महिन्यातल्या लग्नाचे आहेर, आणि त्यातच पोरं म्हणतात वह्या पाहिजेत, कंपास पाहिजे, बूट अंगठ्यावर फाटलेत. ज्यांची ओढाताण आहे त्यांच्यासाठी हे सगळं किंवा यातलं बरंचसं फुकट मिळू शकतं, आणि ते मागायचं पहिलं दार म्हणजे शाळा. दुकान नाही, पुढारी नाही, शाळा. कागद-पेन जवळ असेल तर एवढं एक वाक्य लिहून ठेवा, आधी शाळेत विचारा.

आता नियम, कागदपत्रं सगळं सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट. आमचे कार्यक्रमाचे साहेब काचेपलीकडनं बघतायत, त्यांना माहितेय मी ही गोष्ट सांगणार, त्यांनी कपाळाला हात लावलेला मला दिसतोय.

मी सातवीत होतो. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, शाळा जिल्हा परिषदेची, चार खोल्या आणि एक चिंच. तेव्हा आत्तासारखी सगळ्यांना नवी पुस्तकं मिळत नव्हती, मे महिन्यात पुढच्या वर्गातल्या पोराच्या घरी जाऊन पुस्तकं ठरवून यायची, अर्ध्या किमतीला, कधी पाव किमतीला, कधी नुसत्या कैऱ्यांवर. मला मिळालेलं गणिताचं पुस्तक माझ्याआधी तिघांनी वापरलेलं होतं. पहिल्या पानावर तीन नावं, दोन खोडलेली, तिसरं मी खोडलं आणि खाली माझं घातलं. आणि वह्या म्हणाल तर आई मे महिन्यात जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून घ्यायची, एकावर एक रचायची आणि दाभणानं शिवायची. वही झक्क व्हायची, फक्त आत सगळा गोपाळकाला, दोन पानं एकरेघी, मग चार पानं दुरेघी, मग चौकटी, मग एकदम इंग्रजीची चाररेघी.

तर शेकडा नफा-तोट्याचा धडा चाललेला. गणित साधं होतं, एका दुकानदारानं ४८ रुपये डझन भावानं वह्या घेतल्या आणि ५ रुपयाला एक अशा विकल्या, तर शेकडा नफा किती? आता मला काही ते येत नव्हतं, पण पुस्तकात त्या गणिताच्या बाजूला कुणीतरी पेनानं लिहून ठेवलेलं, २०. पेनानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असा माझा हिशोब. मी ठोकून दिलं, उत्तर वीस.

गुरुजी वह्या तपासत आले. माझ्यापाशी थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "ही चूक तुझी नाही."

मी गप्प.

"ही चूक मी ओळखतो. तीन वर्षांपूर्वीची आहे. तुझ्याकडं अमक्याचं पुस्तक आलंय का रे?"

अख्खा वर्ग हसला. आणि आलेलं होतंच की, पहिल्या पानावरचं सगळ्यात वरचं खोडलेलं नाव त्याचंच! त्याचं नाव मी इथं घेणार नाही कारण तो आज ऐकत असणार. तर त्या अमक्यानं तीन वर्षांपूर्वी वीस लिहिलं, त्याच्यानंतरच्यानं बघून वीस लिहिलं, त्याच्यानंतरच्यानं पण वीस, आणि आता मी. गुरुजींना चौथ्या वर्षी तीच चूक भेटायला आलेली.

बरं, उत्तर किती? ज्यांनी मनात केलं असेल त्यांना कळलं असेल. डझनाला ४८ म्हणजे वही ४ रुपयाला पडली, विकली ५ ला, चारावर एक रुपया सुटला, म्हणजे शेकडा पंचवीस. पुस्तकात मागं पंचवीसच छापलेलं, पण ते मागचं पान माझ्या पुस्तकाला नव्हतंच, ते वाटेत कुठंतरी गळालेलं.

पण गुरुजी हसून पुढं गेले नाहीत. त्यांनी माझी वही हातात घेतली, पान उलटलं, नफा-तोटा चाररेघी पानावर बसलेला बघितला, शिलाई बघितली आणि वही मिटून परत दिली. वर्गात एक शब्द बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र थांबवून घेतलं. मला वाटलं छडी. तर त्यांनी कपाट उघडलं, आत पुस्तकपेढीची पुस्तकं, चाळीस-पन्नास असतील, आणि म्हणाले, "ह्यात मागच्या पोरांनी पेन्सिलीनं उत्तरं भरून ठेवलीत. रोज अर्धा तास बसायचं आणि खोडायचं. मजुरी देणार."

मजुरी हं मंडळी, मदत नाही. शब्द बघा. मी आठवडाभर बसून खोडलं, आजोबांची तंबाखू चोळून चोळून व्हायची तशी बोटं काळी झाली, आणि गंमत म्हणजे खोडायच्या आधी प्रत्येक उत्तर वाचावं लागतंय, इतिहास, भूगोल सगळा डोळ्याखालनं गेला, त्या वर्षी मला भूगोलात कधी नव्हे एवढे मार्क पडले. शनिवारी गुरुजींनी मजुरी दिली. तीन कोऱ्या वह्या, दोनशे पानी, सगळ्या एकरेघी, आणि एक कंपास पेटी, तिच्यात कर्कटक नव्हतं पण बाकी सगळं होतं. मी घरी जाऊन आईला सांगितलं, पगार झाला.

आता ह्याचा पुढचा भाग. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी पैसे काढले आणि गावातल्या शाळेला वह्या द्यायचं ठरवलं, मी तालुक्याला एका स्टेशनरीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरचा माणूस नाव विचारतो, गाव विचारतो, आणि बघतो तर हा अमक्या! पुस्तकाचा मूळ मालक. मी त्याला सगळं ऐकवलं, म्हटलं बाबा तुझ्या विसानं माझी वर्गात शोभा झाली. त्यानं काय करावं? त्यानं कॅल्क्युलेटर पुढं ओढला आणि म्हणाला, "वीसच! पाच रुपये गल्ल्यात आले, त्यातला एक माझा. पाचात एक म्हणजे वीस. मी लहानपणापासून मामाच्या दुकानात बसायचो, दुकानदार नफा विक्रीवरच मोजतो. गुरुजी कधी दुकानात बसले नाहीत." चाळीशी ओलांडलेला माणूस, बायको आतनं चहा घेऊन आली तरी ह्याचं चालूच. आणि दुकानदारांना विचारलं तर बरेच जण त्यालाच दुजोरा देतील, म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला चूक म्हणत होतो ती धड चूकही नव्हती.

वह्या त्यानं खरेदीच्या भावात दिल्या. मी म्हटलं मग आता शेकडा नफा किती? म्हणाला जूनमध्ये मी तो धडा वगळतो. आणि त्यानं एक पद्धत दाखवली ती मला फार आवडली. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक पोराच्या हातात चिठ्ठी देतात, चिठ्ठीवर फक्त यादी, वह्या इतक्या, पट्टी एक, पाटी एक. पोरगं इतर गिऱ्हाइकांसारखं येतं, चिठ्ठी देतं, सामान घेतं, जातं. पैसे नंतर देणगीदार आणि शिक्षक मिळून चुकते करतात. दुकानात उभ्या असलेल्या चौथ्या माणसाला कळत नाही की ह्यात फुकट कोण आणि विकत कोण.

नाहीतर आपल्याकडं वाटपाचे कार्यक्रम बघा, स्टेजवर आठ जण, एक वही, वहीला सोळा हात, आणि मधे ते पोरगं मान खाली घालून. मागं फ्लेक्स, फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या फ्लेक्सच्या पैशात अजून वह्या आल्या असत्या राव. माझं एक शहाणं मत आहे, वही द्या, फोटो काढायचाच तर वहीचा काढा. जाऊ दे, साहेब हात करतायत, वेळ चाललाय.

तर मुद्दे, भराभर सांगतो.

आधी शाळेत विचारा. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून मोफत आहेत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका आणि खाजगी अनुदानित शाळा, सगळीकडं. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. कुणी ह्या पुस्तकांचे पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. सरकारी आणि पालिकेच्या शाळांत आठवीपर्यंत गणवेश पण मिळतो, बूट-मोजे पण. मधे २०२४ ला सगळ्या राज्याला एकच गणवेश आणि कापड वरनं येणार असं झालं, पोरं वाट बघत बसली, मग तो निर्णय फिरला आणि काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. ह्या समितीत तीन चतुर्थांश माणसं पालकच असतात, म्हणजे तुमच्यातलीच, त्यांना रस्त्यात गाठून विचारा कापड कधी येतंय. मुंबईत महापालिकेच्या शाळेत पोर असेल तर तिथं दप्तर, वह्या, बूट, छत्री-रेनकोट धरून २७ वस्तू मिळतात. आपल्याकडं अजून तसं नाही, कधी होणार ते विचारू नका.

खड्डा आहे तो नववीला. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, आणि नववीला एकदम सगळं विकत, तिथंच पोरं गळतात. म्हणून नववी-दहावीची पुस्तकं दहावीचा पेपर संपल्या संपल्या गोळा करा, पुस्तकपेढी नसेल तर मुख्याध्यापकांना एक कपाट मागा. जुनं पुस्तक घेताना छापल्याचं साल बघून घ्या, कारण अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं बदलतोय, पहिलीचं २०२५ ला बदललं. पुण्यात असाल तर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच. आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, सगळं प्रिंट काढू नका, परवडत नाही, मोबाईलवर वाचा, आकृतीचं पान तेवढं काढा.

पोरगं आठवीत असेल तर एनएमएमएस ह्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. लागला नंबर तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये खात्यावर येतात, त्यात वह्याच काय सगळं बसतं. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. उत्पन्नाचा दाखला काढायला जाल तिथं कुणी स्टॅम्पपेपर आणा म्हणालं तर सांगा, शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्राला तो लागत नाही, साधा कागद चालतो. परत सांगतो, साधा कागद.

मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास फुकट आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल पण मिळते. आई किंवा वडील दोघांतलं एक नसेल तर बालसंगोपन योजनेचं विचारा, महिन्याला २२५० रुपये, महिला व बालविकासच्या ऑफिसात. ही योजना माहिती नसलेली घरं मी स्वतः बघितलीत, शेजारी कुणी असं असेल तर तुम्हीच जाऊन सांगा, त्या घरची बाई ह्या कार्यक्रमाच्या वेळी भांडी घासत असते, रेडिओ ऐकत नाही, हे मला माहितेय. आणखी एक जुनी योजना होती, मुलीला हजेरीचा दिवसाला एक रुपया, १९९२ पासनंचा, रुपयाला आता खडूचा तुकडा येत नाही, पण तो विषय काढला तर मी उद्यापर्यंत बोलेन.

द्यायचं असेल त्यांनी काय करावं? चैत्यभूमीवर लोक फुलं-मेणबत्त्यांऐवजी एक वही एक पेन घेऊन जातात, तसं आपल्या गावच्या जयंतीला, गणपतीला करता येतं. पण शाळेला विचारून द्या, नाहीतर सगळेच शंभर पानी वह्या देतात आणि पाटी-पेन्सिल, पट्टी, मुलींचे बूट कुणीच देत नाही. पेन द्यायचा तर दोन द्या, एक पहिल्याच दिवशी हरवतो.

आणि शेवटचं, २०२३ पासून दोन वर्षं पुस्तकं चार भागांत यायची, मधे कोरी पानं घालून. नंतर ती बंद झाली, पण ती जुनी पुस्तकं घराघरांत पडून आहेत, बऱ्याच पोरांनी ती पानं लिहिलेलीच नाहीत. आज संध्याकाळी काढून बघा, एकेका पोराची एक जाड वही निघेल. रचायची, कडा सारख्या करायच्या आणि शिवायची. दाभण माळ्यावरच्या डब्यात असेल, आधी तेल लावा, गंजलेलं असतं, आणि बोटाला जपा.

नमस्कार.