मानेच्या बुडाचा सातबारा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम : योग्य तज्ज्ञ कसा शोधावा'. कार्यवाहांनी मला आधीच बजावलंय की पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दाराशी येऊन थांबतील, तेव्हा वेळेत आवरा. आवरतो. पण त्याआधी एक जागा दाखवायची आहे, आणि जन्मभर शरीररचनाशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या हाती जागा दाखवायचं काम दिलं की वेळेचं काय होतं, हे आमच्या घरी विचारा.

हासळीच्या हाडावर बोट ठेवा. सगळ्यांनी, मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा. त्या हाडाच्या जरा मागं खळगा लागतो. त्याच्या तळाशी पहिली बरगडी आहे. मानेतून उतरणारे दोन स्नायू, पुढचा आणि मधला स्केलीन, त्या बरगडीला येऊन चिकटतात. त्या दोघांच्या फटीतून अख्ख्या हाताचे मज्जातंतू आणि हाताची रोहिणी जाते. नीला पुढच्या स्नायूच्याही पुढून, बरगडी आणि हासळीच्या कोपऱ्यातून येते. हात वर केला की ही सगळी वाट आणखी अरुंद होते. या वाटेत तंतू किंवा रक्तवाहिनी दबली की जे दुखणं होतं, तेच पत्रिकेतलं थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. आता दोन्ही हात वर करा आणि मुठी उघड-मीट करत राहा. ही खरी चाचणी आहे, तीन मिनिटं करायची असते. नको, खाली घ्या! धडधाकट माणसाचेही हात यात भरून येतात, आणि उद्या तुम्ही सगळे माझं नाव सांगून दवाखान्यात जाऊन बसाल. (हशा)

खोल श्वास घेऊन, मान वळवून मनगटातली नाडी बंद पडते का बघायचं, ही परीक्षाही तशीच. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅडसननी १९२७ साली सांगितलेली. कितीतरी निरोगी लोकांची नाडी त्यात गायब होते. तेवढ्यावर कोणी निदान ठोकलं तर विश्वास ठेवू नका.

तर माझं जुनं दुखणं असं आहे की शरीरातल्या या पट्टीचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. मणक्याचा डॉक्टर मणक्यापाशी थांबतो, खांद्याचा डॉक्टर खांद्यापासून सुरू होतो, छातीचा डॉक्टर बरगड्यांच्या आत बघतो. मधलं गायरान. आजाराला आजचं नाव मिळालं तेसुद्धा १९५६ साली. त्याआधी मानेतली जादा बरगडी, स्केलीन स्नायू, हासळी, जो जिथं बोट ठेवेल तिथलं नाव. गंमत म्हणजे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात कूट नावाच्या सर्जननं मानेतली अशी बरगडी १८६१ सालीच काढली होती.

एका गणिताच्या बाईंची गोष्ट सांगतो. नाव नको, त्यांचे मार खाल्लेले विद्यार्थी इथं असतील. फळ्यावर लिहिताना हात जड व्हायचा, करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. घरच्या डॉक्टरांनी बी-१२ दिलं. मग मानेचा एक्सरे, मग एमआरआय. चाळिशीनंतर कोणाच्याही मानेचा एमआरआय काढा, काहीतरी सापडतंच. बाईंना पट्टा मिळाला. शाळेत पोरांनी त्याचं काय नाव ठेवलं ते सांगत नाही. पुढं अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा वाळायला लागला, तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात 'मनगटात नस दबलीय' म्हणून मनगटाची शस्त्रक्रिया झाली. फरक शून्य. पुन्हा गेल्या तर 'ताण घेऊ नका' म्हणाले. बाई म्हणाल्या, "ताण मी देते, घेत नाही."

इथं माझा राग आहे. वाळलाय अंगठ्याचा उंचवटा, आणि मुंग्या करंगळीच्या बाजूला. हे दोन्ही एका मनगटात कसं बसवणार? मनगटातली ती नस दबली तर मुंग्या अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला यायला हव्यात. दोन्ही तक्रारी एकत्र आणायच्या तर वर, जिथं तंतू अजून एकत्र आहेत, तिथंच जावं लागतं. गिलियट या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टनं अशा हाताचं वर्णन १९७० साली करून ठेवलंय. पण मनगटवाल्यानं मनगट पाहिलं, मानवाल्यानं मान.

सापडलं कोणाला, तर तालुक्याच्या गावी दवाखाना थाटलेल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीला. तिनं भिंतीवर कागद लावून बाईंना लिहायला सांगितलं आणि मागं उभी राहून बघत बसली. मग थैलीतला सगळ्यात पहिला एक्सरे काढला. सातव्या मणक्याला चिकटलेली जादा बरगडी त्यात पहिल्या दिवसापासून होती! अहवालात तिचा उल्लेखसुद्धा होता, तिसऱ्या ओळीत. आता शंभरातल्या एखाद्याला ती असते आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी शस्त्रक्रिया केली ती एका प्लास्टिक सर्जननं. पाटीवर भाजलेल्या जखमा आणि दुभंगलेले ओठ! मुंग्या गेल्या. वाळलेला उंचवटा मात्र पुरता भरला नाही.

काय? पाचच मिनिटं? बरं, मग भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी दबलंय काय ते ठरवा. हात अचानक सुजला, निळसर झाला, तर ती नीला आहे, आत गुठळी असू शकते. व्यायामशाळेत जाणारी, पोहणारी तरुण पोरं यात येतात. मालिश नाही, शेक नाही, त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. पहिल्या दोन आठवड्यांत गुठळी विरघळवण्याला अर्थ असतो. बोटं गार, पांढरी पडली, टोकाला जखमा झाल्या तर रोहिणी. हे फार थोड्यांना होतं, पण डॉक्टर तोच, आणि घाई तीच.

उरलेले दहातले नऊजण मज्जातंतूंचे. यात आधी फिजिओथेरपी, काही आठवडे, चिकाटीनं. स्नायू वाळत असेल तर मात्र थांबायचं नाही. मज्जातंतूंच्या विजेच्या तपासण्या यात पुष्कळदा स्वच्छ येतात, म्हणून काही न्यूरॉलॉजिस्टांना हा प्रकार मान्यच नसतो. दोन दारांत दोन उत्तरं मिळतील, गोंधळू नका. स्केलीन स्नायूत बधिरतेचं इंजेक्शन देऊन तात्पुरता आराम पडतो का, हे बघणारा डॉक्टर भेटला तर तो या वाटेनं गेलेला आहे असं समजा.

सर्जन शोधताना 'ब्रेकियल प्लेक्सस' हे दोन शब्द विचारा, म्हणजे हाताच्या तंतूंचा जुडगा. आपल्याकडे दुचाकीच्या अपघातांमुळे त्यावर हात बसलेले लोक आहेत. पाटीवर प्लास्टिक, न्यूरो, हाताचा, रक्तवाहिन्यांचा, काहीही असेल. त्याला विचारा, वर्षाला अशा शस्त्रक्रिया किती करता? बरगडी काढता की नुसता स्नायू सोडवता? श्वासपटलाच्या नसेला धक्का लागला तर? फरक नाही पडला तर पुढं काय? या प्रश्नांवर चिडला तर फाईल उचला. आणि फाईल लावताना अहवाल तिसऱ्या ओळीपर्यंत स्वतः वाचा. आलो, आलो, माईक देतो. काकू, तुमचा एक्सरे बाहेर चहापाशी बघू, इथं उजेड नाही.