काकांची बंदूक आणि तिची पावती

हे लोखंडी कपाट बघा. खालच्या कप्प्यात काकीच्या जुन्या साड्या, वर सातबाराच्या फायली, आणि बाजूला हा उभा अरुंद कप्पा, याला वेगळं कुलूप आहे आणि त्याची चावी काकांच्या करगोट्याला. हो, करगोट्याला, की-चेनला नाही. आंघोळीलाही ती चावी अंगावरच असते. या घरात मोटरसायकलच्या चाव्या तीनदा हरवल्या, गोठ्याची हरवली, ही मात्र अजून हरवलेली नाही.

आत आहे ती ठासणीची बंदूक. आमचं गाव सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात. आधी आजोबांच्या नावावर होती, आता काकांच्या. लायसन्सवर कारण लिहिलंय शेतीसंरक्षण. मुंबईतल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात, तुमच्या घरी बंदूक, म्हणजे शिकार वगैरे करता का. मग मी सांगतो की बाबांनो शिकार बंद होऊन जमाना झाला, 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे नुसत्या हौसेसाठी जनावर मारलं तर सरळ गुन्हा आहे, आणि आमची ही बंदूक वर्षातले बहुतेक दिवस या कपाटातच असते. उरलेल्या दिवसांतले बरेचसे पोलीस स्टेशनात जातात, पण ते पुढे सांगतो.

आधी हे सांगतो की शेतकऱ्याला बंदूक मिळते कशी. आपला शस्त्र कायदा 1959 चा, त्याच्याआधी इंग्रजांचा 1878 चा होता. 1959 च्या कायद्यातलं 13 वं कलम वाचलं तर गंमत वाटते, त्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर लायसन्स द्यावं असं, आणि अधिकाऱ्याला वाटलं की ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे आपली काडतुसाची एकनळी दुनळी देता येते. रायफल नाही हां. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो, गोळी फिरत फिरत लांब जाते, आणि इथे वाडीच्या पलीकडे दुसरी वाडी, तिथे कोण कुठे शेण काढत बसलंय कुणाला माहीत. छरे थोड्या अंतरावर पांगतात आणि जोर कमी होतो, शेताला तेवढं पुरतं.

लायसन्स कलेक्टर ऑफिसचं. सातबारा लागतो, पोलिसांचा रिपोर्ट लागतो, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, वय 21 च्या पुढे लागतं. 2016 मध्ये नवे नियम आले, त्यात बंदूक सुरक्षित कशी ठेवणार याची हमी अर्जासोबतच लिहून द्यायची. 2019 ला कायदा परत बदलला, आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या त्या दोन झाल्या, आणि रिन्यूअल तीन वर्षांनी असायचं ते पाच वर्षांवर गेलं. काकांना यातल्या फक्त शेवटच्या गोष्टीचा आनंद झाला कारण एक हेलपाटा वाचला.

(काका अंगणात, बंदूक मांडीवर आडवी)

आता ही भरतात कशी ते काका दाखवतायत, खरी दारू न घालता, नुसतं हातवारे करून, कारण कॅमेरा चालू असला तरी अंगणात पोरं आहेत. काडतुसाच्या बंदुकीसारखी ही मधे मोडत नाही. सगळं तोंडाकडून. आधी दारू ओतायची, मग काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा, म्हणून ठासणीची. मग छरे, मग परत बोळा. शेवटी मागे घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची, घोडा केपेवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार. पाऊस असेल तर केप ओली, दारू ओली, चाप ओढला की नुसतं टिक. काका म्हणतात निम्मी डुकरं या टिकने वाचली आहेत.

पण यातली खरी भानगड वेगळीच आहे. दुनळी असली की उघडायची, आत बघायचं, काडतूस आहे की नाही डोळ्यांना दिसतं. ठासणीची उघडतच नाही. बाहेरून बघून ती भरलेली आहे की रिकामी हे कुणीही सांगू शकत नाही, ज्याने भरली तोसुद्धा चार महिन्यांनी विसरतो. जुन्या घरांतून अशी बंदूक आढ्याजवळच्या खुंटीला भरलेलीच टांगून ठेवायचे, रात्री अचानक लागली तर हाताशी असावी म्हणून, आणि मग कोणीतरी धूळ झाडायला काढायचं. पुढचं सांगायला नको.

म्हणून हा गज बघा. याच्यावर मधे एक खाच आहे, आजोबांनी कानशीने मारलेली. रिकाम्या नळीत गज सोडला की तो तळाला टेकतो, टण्ण असा आवाज येतो, आणि खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत काही असलं तर आवाज बसका, आणि खाच चार बोटं वर. बस एवढंच. ना बॅटरी ना सेन्सर. बंदूक हातात घेतली की पहिला गज, कपाटात ठेवताना शेवटचा गज, मधे कुणी दोन मिनिटं हातात घेऊन परत दिली तरी परत गज. मी विचारलं आत्ताच तर बघितलंत, तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्नच गिळला.

काकांचा दुसरा नियम, "भरलली बंदूक घरात आणूची नाय." राखणीला मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, गेले आणि रात्रभर काही आलं नाही तर पहाटे बार शेताच्या बांधात, खाली मातीत काढायचा, कारण एकदा ठासलेलं बाहेर काढायचा तोच सोपा मार्ग. दारू वाया जाते, जाऊ दे. सकाळी सहाला बार ऐकला की वाडीला कळतं, रात्री डुकर आलं नव्हतं.

मग साफसफाई, आणि इथे कोकणातल्या माणसाचं दुःख सुरू होतं. काळ्या दारूची जी काजळी आत राहते ती हवेतलं पाणी ओढते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, हवा कमी. एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबूस गंज. त्यावर नुसतं तेल मारून काही होत नाही, तेलाने काजळी जात नाही, आधी गरम पाणीच लागतं. साबणाचं कढत पाणी नळीतून दोन-तीनदा, मग सुकी चिंधी गजाला बांधून आतून पुसत राहायचं चिंधी पांढरी येईस्तोवर, मग उन्हात, मग तेलाचा पातळ हात. काका खोबरेल लावायचे, गावातल्या फिटरने शिव्या घातल्या, आता शिलाई मशीनचं तेल लावतात. आणि ते रेक्झिनचं कव्हर असतं ना चेनवालं, दिसायला झकास, ते बंदूक न्यायला ठीक, ठेवायला नाही. आत दमट हवा कोंडते आणि सहा महिन्यांनी उघडलं की बंदूक चॉकलेटी. काका सुती पंच्यात गुंडाळतात. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या मी पुण्याहून नेऊन दिल्या तर ते आधी म्हणाले हे काय मीठ आणलंस.

दारू आणि केपा या कपाटात नाहीत. त्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात, आणि चुलीच्या भिंतीपासून लांबच्या बाजूला. बंदूक चोरीला गेली तरी चोराच्या हाती नुसता लोखंडाचा दांडा लागावा, आणि दारूजवळ पोर पोचलं तरी त्याला बंदूक मिळू नये, असा हिशोब. घरात आता दोन नातवंडं आहेत, एक सात वर्षांचा एक चारचा, त्यांना बंदूक आहे हे माहीत आहे. लपवलेली नाही. लपवलेली वस्तू पोरं शोधतात हे आपण आपल्याच लहानपणावरून जाणतो, लाडवाचा डबा आठवा. काका मोठ्याला समोर बसवून साफ करतात, हात लावू देतात, फक्त नळीचं तोंड कुठल्या माणसाकडे गेलं, चुकून, हसत, रिकामी असताना, की बंदूक कपाटात आणि तो दिवस संपला.

आता ही पावती. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली, लायसन्सपेक्षा जास्त.

निवडणूक लागली की आचारसंहिता, आणि आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करा. नियम खरं तर सरसकट सगळ्यांचा नाही, निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यात एक छाननी समिती असते, ज्यांच्यावर गुन्हे आहेत, जे जामिनावर आहेत, जे आधी दंगलीत सापडले अशांची शस्त्रं घ्यायची असा विचार आहे, आणि सरसकट नको असं हायकोर्टानेही सांगितलेलं आहे. पण गावात नोटीस येते ती येतेच, आणि साठी उलटलेला शेतकरी कुठे भांडत बसणार, तो बंदूक पंच्यात गुंडाळतो आणि एसटी पकडतो.

आता महिने बघा. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान 2004 ला ऑक्टोबरमध्ये, 2009 ला ऑक्टोबरमध्ये, 2014 ला, 2019 ला ऑक्टोबरमध्ये, 2024 ला 20 नोव्हेंबरला. आणि भात कधी तयार होतं? ऑक्टोबरमध्ये! लोंब्या भरल्या, दाणा पिकत आला, रात्री डुकरांचा कळप उतरतो, खातात थोडं आणि लोळून लोळवून सत्यानाश जास्त, आणि नेमकी तेव्हा शेतीसंरक्षणाची बंदूक तालुक्याला कुलपात. लोकसभेला हेच काजू-आंब्याच्या हंगामात, 2024 ला मार्चच्या मध्यावर आचारसंहिता आणि निकाल 4 जूनला, तोवर माकडांनी काजूचे बोंडू बियांसकट उडवले. कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण शेतीसंरक्षण हा शब्द लायसन्सवर छापताना कॅलेंडर बघितलं नव्हतं एवढं नक्की.

2019 ला तर दसरा 8 ऑक्टोबरला आणि आचारसंहिता 21 सप्टेंबरपासून. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, कोयता आला, कुदळ आली, पारय आली, बंदुकीच्या जागेवर काय? काकीने पाटावर ही पावती ठेवली आणि वर झेंडूचं फूल. फोटो आहे माझ्याकडे.

(फोटो)

गंमत म्हणजे कर्नाटकात कोडगूला, म्हणजे कूर्गला, मूळच्या कोडवांना आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काच्या, जमीनवाल्यांना बंदुकीसाठी लायसन्सच लागत नाही, इंग्रजांच्या काळापासूनची सूट, केंद्र सरकारने ती 2029 पर्यंत वाढवली आहे. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "लायसन माका नको झाला नाय, माका फेऱ्ये नको झालेत." मला पण ते पटतं, लायसन्स असावंच, या वस्तूला असावंच.

कारण दुसरी बाजू पण इथलीच आहे. रात्री चोरून शिकारीला गेलेली टोळी, झाडीत काहीतरी हललं, बार काढला आणि तो आपलाच सोबती निघाला, ही बातमी कोकणात थोड्या-थोड्या वर्षांनी येतेच. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले की लोकांना चेव येतो. काकांचं यावर एक वाक्य आहे, "हलता ता सगळा डुकर नसता." रानडुकराचा उपद्रव फारच झाला तर वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी मिळते, गव्याला तर हात लावायचाच नाही, तो पहिल्या अनुसूचीतला. आणि खरं सांगू, काकांनी गेल्या दहा वर्षांत एकही जनावर मारलेलं नाही, बार आकाशाकडे पण काढत नाहीत, बांधाच्या मातीत काढतात, आवाजाने कळप पळतो आणि तीन-चार रात्रींनी परत येतो. आता त्यांनी कुंपणाला सोलरची झटका मशीन लावली आहे. ती आचारसंहितेत जमा करावी लागत नाही.

काका आता 69 वर्षांचे. नियम असा आहे की सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली की हयातीतच ती वारसाच्या नावावर करायचा अर्ज देता येतो. नाही केला आणि माणूस गेला, तर त्याच दिवसापासून घरातली ती बंदूक बेकायदा होते, कोणाच्याच नावाची नाही, ती पोलिसांकडे नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. कित्येक घरांत दुःखात हे सुचतच नाही, मग वर्षभराने पोलीस विचारतात. काकांचा मुलगा दुबईला. दुसरा वारस म्हणून माझं नाव निघालंय, आणि मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, माझ्या नावावर सात गुंठे पण नाहीत, शेतीसंरक्षण कशाचं करू, कुंडीतल्या तुळशीचं? अजून काही ठरलेलं नाही.

2024 चा विधानसभेचा निकाल लागल्यावर आठवड्याने काका बंदूक सोडवायला गेले, मी सोबत होतो. रॅकमध्ये पन्नासेक बंदुका, प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. शिपायाने नंबर जुळवला, सही घेतली, बंदूक काऊंटरवर ठेवली. काकांनी तिथेच, भिंतीकडे तोंड करून, घोडा तपासला, नळी वर केली आणि गज सोडला.

टण्ण.