चर्चबाहेरचं लग्न

(पडद्यावर विमानाची खिडकी. खाली कोरडे डोंगर.)

१८ जानेवारी २०१८. चिलीतल्या सान्तियागोहून इकिकेकडे निघालेलं विमान. प्रवाशांमध्ये पोप फ्रान्सिस आहेत. विमानातल्या कर्मचाऱ्यांपैकी एक जोडपं त्यांच्याकडे आशीर्वाद मागायला येतं. दोघांचं सरकारदरबारी लग्न झालेलं आहे, चर्चमधलं मात्र राहून गेलंय. कारण २०१० च्या भूकंपात त्यांच्या चर्चची पडझड झाली होती. मग आत्ताच लावून देऊ का, असं पोपच विचारतात. एक कागद घेतला जातो, त्यावर हातानेच मजकूर लिहिला जातो, खाली सह्या होतात. आणि जमिनीपासून कितीतरी उंचावर एक कॅथलिक लग्न लागतं.

हे पाहिलं की कुणाच्याही मनात येईल: विमानात चालतं, तर बागेत का नाही? समुद्रकिनारी का नाही?

(दृश्य: हिरवळीवर मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या.)

आधी एक गुंता सोडवू. ‘चर्चबाहेर लग्न केलं’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, चर्चच्या इमारतीबाहेर केलं. दुसरा, चर्चच्या नियमांबाहेर केलं. ऐकणारा बहुतेक वेळा दुसराच अर्थ घेतो आणि घरात रडारड सुरू होते. पण या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. बागेतलं लग्न नियमात बसू शकतं. आणि भव्य चर्चमध्ये, वेदीसमोर लागलेलं लग्नही, लावणाऱ्या धर्मगुरूला तिथे तसा अधिकार दिलेला नसेल, तर चर्चच्या लेखी झालेलंच नसतं. पाहुणे म्हणून आलेले, नात्यातले फादर लग्न लावणार असतील तर तिथल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या समुदायाच्या, फादरांनी त्यांना तशी परवानगी दिली आहे का, हे आवर्जून विचारा. फुलांच्या सजावटीपेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे.

मग लग्न लागतं कशाने? चर्चची शिकवण अगदी साधी आहे: वर-वधूच्या संमतीने. ‘मी तुझा स्वीकार करतो’, ‘मी तुझा स्वीकार करते’. विवाहसंस्कार ते दोघं एकमेकांना देतात. ती संमती विचारून घ्यायला अधिकार असलेला धर्मगुरू किंवा डिकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) हवा आणि ऐकायला दोन साक्षीदार हवेत. या यादीत भिंती नाहीत, घंटा नाही, छतही नाही.

(दृश्य: मध्ययुगीन चर्चचा दगडी दरवाजा.)

एके काळी तर साक्षीदारही लागत नसत. दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न झालं, मग ते घरात असो, शेतात असो. इंग्लंडमध्ये रीत अशी होती की लग्न चर्चच्या दाराशी, उघड्यावर लागायचं आणि मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठी, मंडळी आत जायची. पण शब्द एकांतात दिला गेला की फसवणूक सोपी व्हायची. उद्या त्याने ‘मी असं म्हणालोच नाही’ असं सांगितलं, तर तिने कुणाकडे बोट दाखवायचं? ती घरची राहायची नाही आणि दारची राहायची नाही. अखेर १५६३ साली इटलीतल्या ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने ठरवलं की धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार असल्याशिवाय लग्न ग्राह्य धरायचं नाही. मला या नियमात नेहमी त्या एकट्या पडलेल्या बाईची बाजू दिसते. तिला साक्षीला माणसं हवी होती, आणि नियमाने तिला माणसं दिली.

पुढे एक दुखरा काळ आला. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यांच्या संग्रहानुसार, कॅथलिक आणि अकॅथलिक जोडप्याचं लग्न चर्चच्या आत लावायचं नाही, असा सर्वसाधारण नियम होता. अशी लग्नं धर्मगुरूंच्या निवासात किंवा चर्चच्या मागच्या खोलीत उरकली जायची. एकीकडे वेदी, ऑर्गन, फुलं. दुसरीकडे कपाटं आणि चार खुर्च्या. जागेवरूनच कळायचं की हे लग्न चर्चला फारसं रुचलेलं नाही. आजी-आजोबांच्या पिढीत बाहेरच्या लग्नाची एवढी धास्ती का होती, ते इथे समजतं.

आज लागू आहे ती १९८३ ची संहिता. तिचं १११८ वं कलम सांगतं: दोघं कॅथलिक असोत, किंवा एक जण दुसऱ्या ख्रिस्ती पंथातला असो, लग्न धर्मग्रामाच्या चर्चमध्ये व्हावं. दुसऱ्या चर्चसाठी किंवा प्रार्थनाघरासाठी फादरांची परवानगी पुरते. त्यापलीकडच्या ‘योग्य जागे’साठी बिशपांची लागते. आणि जोडीदाराचा बाप्तिस्माच (ख्रिस्ती दीक्षाविधी) झालेला नसेल, तर चर्च किंवा अन्य योग्य जागा, दोन्ही मार्ग खुले आहेत. अर्थात अशा लग्नाला मुळात वेगळी सूट घ्यावीच लागते.

‘योग्य’ म्हणजे काय, हे प्रत्येक धर्मप्रांत, म्हणजे एकेका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, आपापलं ठरवतो. बरेच बिशप बागेला आणि किनाऱ्याला सरळ नकार देतात. अमेरिकेत हेलेना आणि बाल्टिमोर या धर्मप्रांतांनी मात्र दार थोडं उघडलं आहे. म्हणून हॉल ठरवून, आमंत्रणं छापून मग फादरांकडे जाऊ नका. आधी त्यांच्याकडे जा. आणि बाहेर लग्न म्हटलं की बहुधा मिस्सा होत नाही, हेही मनाशी धरा. मिस्सा पवित्र स्थळीच व्हावी, गरज असेल तरच अन्यत्र, असा तिचा स्वतंत्र नियम आहे.

नकार मिळाला तर वाईट वाटतं, हे मी जाणतो. तरी चर्च तिथेच का बोलावतं, हेही ऐकून घ्यावं. सुंदर बाग एका संध्याकाळपुरती भाड्याने मिळते. चर्चमध्ये तुमच्याआधी कितीतरी जणांनी तेच शब्द उच्चारलेले असतात, आणि पुढच्या रविवारी तुम्हाला ओळखणारी माणसं त्याच बाकांवर बसलेली असतात.

(दृश्य: दगडी तुरुंग. एक मेणबत्ती.)

मे १९१६. डब्लिनचा किल्मेनम तुरुंग. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या आयरिश उठावातला एक नेता, जोसेफ प्लंकेट, याला पहाटे गोळ्या घालायच्या आहेत. ग्रेस गिफर्डशी त्याचं लग्न आधीच ठरलेलं होतं. शिक्षेच्या काही तास आधी तुरुंगाच्या प्रार्थनाघरात, मेणबत्तीच्या उजेडात ते लागतं. समोर धर्मगुरू. साक्षीला दोन ब्रिटिश शिपाई, ज्यांच्या सैन्याने त्याला मृत्युदंड दिला त्याच सैन्यातले. घरचं कुणी नाही. तरी ते पूर्ण लग्न होतं.

(दृश्य: जुनी नोंदवही. पिवळी पानं.)

लग्न कुठेही लागो, त्याचा शेवटचा टप्पा या वहीत असतो. लग्नाच्या नोंदवहीत वर-वधू, साक्षीदार, तारीख आणि जागा लिहिली जाते. मग ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथे कळवलं जातं. तिथे कुणीतरी कपाटातून जुनी वही काढतं, पान शोधतं. वीस-तीस वर्षांपूर्वी कुण्या दुसऱ्याच फादरांच्या अक्षरात लिहिलेलं एका बाळाचं नाव सापडतं, आणि त्याच्या शेजारी, वेगळ्या शाईत, जोडीदाराचं नाव लिहिलं जातं.