दोघांच्या बोटीवरचं मोठं शीड

[दृश्य: मुंबई बंदराबाहेर. प्रॉन्ग्ज दीपगृह मागे पडतंय.]

मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने निघालं, की नोव्हेंबर ते मे या काळात एक सोय आयती मिळते. वारा पाठीशी असतो. पहाटे जमिनीकडून मतलई वाहते, दहा-अकराच्या सुमारास ती मरते, तासभर पाणी हलत नाही. मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दहा-बारा नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल; मार्च-एप्रिलात संध्याकाळपर्यंत पंधराच्या पुढे. कोकणचा किनारा दक्षिणेला जाता जाता जरासा आग्नेयेकडे सरकतो, त्यामुळे हा वारा उजव्या खांद्यावरून पाठीवर येतो.

ऐकायला छान वाटतं. पण पाठीवरचा वारा शिडाच्या बोटीला वाटतो तितका सोपा नाही. बोट वाऱ्याबरोबरच पळते, म्हणून शिडाला लागणारा वारा कमी होतो. वारा दहा नॉटचा, बोट चार नॉटने चाललेली. शिडाच्या वाट्याला उरतात सहा. पुढचं जिनोआ शीड समोरच्या वाऱ्यावर चढून जाण्यासाठी बेतलेलं. ते मुख्य शिडाच्या आडोशाला लोळत राहतं, फडफडतं, कंटाळा आणतं. मग इंजिन सुरू होतं. सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपासचा हा प्रवास कितीतरी बोटी डिझेलच्या वासात पुरा करतात, आणि त्यासाठीच घेतलेलं शीड पुढच्या केबिनमध्ये पिशवीत पडून असतं.

[दृश्य: पुढची केबिन. निळी पिशवी ओढून बाहेर काढणारे हात.]

या पिशवीत आहे क्रूझिंग स्पिनेकर, म्हणजे सफरीच्या बोटीचं, पाठीवरच्या वाऱ्यासाठीचं फुगणारं शीड. ३६ फुटी बोटीसाठी अंदाजे ९० चौरस मीटर नायलॉन. मुंबईतल्या बऱ्याच टू-बीएचकेंपेक्षा मोठा कपडा, पण एका माणसाला सहज उचलता येतो. मुख्य शीड पॉलिएस्टरचं, ताठ. स्पिनेकरचं नायलॉन पातळ आणि थोडं ताणलं जाणारं. वाऱ्याचा झटका आला तर त्यातला काही ते स्वतःत मुरवतं.

शर्यतीतला जुना स्पिनेकर दोन्ही बाजूंनी सारखा असतो. त्याला डोलकाठीपासून बाहेर काढलेला दांडा लागतो, त्या दांड्याला वर-खाली धरणारे दोर लागतात, आणि ते सांभाळायला चार-पाच माणसं. क्रूझिंगचा स्पिनेकर असमान असतो. त्याचं पुढचं खालचं टोक बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, एका दोराने बांधलेलं, वरचं टोक डोलकाठीच्या शेंड्याला, आणि मागच्या टोकाला दोन शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायचे दोर. दांडा नाही. हिशेबाने दोन माणसं पुरतात.

आजच्या बोटीवर दोघंच आहेत. काका मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, आणि त्यांची पुतणी. काका सुकाणूवर, पुतणी नाळेवर. तिच्या अंगात लाइफ जॅकेट, कमरेचा पट्टा डेकवरच्या दोराला अडकवलेला.

[दृश्य: शीट ओवणं, जवळून.]

चढवण्याआधीची ही वीस मिनिटं महत्त्वाची, आणि बघायला अगदी नीरस. शीट रेलिंगच्या बाहेरून, डोलकाठी धरणाऱ्या तारांच्याही बाहेरून, थेट मागच्या कप्पीपर्यंत. एक वळसा जरी आतून गेला, तर शीड उघडल्यावर रेलिंगचे खांब वाकतात. पुतणी प्रत्येक दोर हातात धरून टोकापर्यंत चालत जाते. शीटच्या शेवटाला तिने गाठ मारलेली नाही. बाकी सगळ्या दोरांना असते, इथे मुद्दाम नाही. वेळ आली तर शीट कप्पीतून पूर्ण सुटून जाता आला पाहिजे.

शीड पिशवीतून निघतं तेही उघडं नाही. ते एका लांब कापडी नळीत कोंबलेलं असतं. या नळीला सॉक म्हणतात. तिच्या खालच्या तोंडाला फायबरग्लासचं कडं असतं आणि वर-खाली फिरणारा एक अखंड दोर. एक बाजू ओढली की सॉक वर जातो आणि शीड मोकळं होतं. दुसरी ओढली की कडं खाली येतं आणि शीड गिळत जातं. दोघांच्या बोटीवर पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं, तर शिडाच्या रंगसंगतीआधी या कड्यात घाला. लहान, कडक, वाकडं होणारं कडं घेऊन भर समुद्रात झगडण्यात काही शौर्य नाही. आता वरून गुंडाळणारे फर्लरही मिळतात. चांगले आहेत, महाग आहेत, आणि त्यांना बहुधा नाळेपुढे छोटा दांडा लागतो.

[दृश्य: सॉक वर सरकतो. शीड भरतं.]

जयगडच्या दक्षिणेला, वारा नऊ-दहा. काका बोट वाऱ्याच्या दीडशे अंशांवर ठेवतात, म्हणजे वारा जवळजवळ पाठीशी; जिनोआ गुंडाळलेलं. पुतणी सॉकचा दोर ओढते. नायलॉनचा पोटभर आवाज होतो, आणि पावणेचार नॉटवरची बोट साडेपाचला जाते. इंजिन बंद. आता काम एवढंच: शीट हळूहळू सोडत जायचा, शिडाची पुढची कड आत दुमडू लागली की थोडा ओढायचा, पुन्हा सोडायचा. नवखा माणूस शीट घट्ट ठेवतो आणि बोट मंदावते.

यापुढचा भाग फसवा आहे. वारा चौदा नॉट झाला, बोट सहाने पळू लागली. पाठीवर जाणवतो फक्त आठाचा वारा. ऊन छान, बोट सरळ, चहा कपातून सांडत नाही. याच क्षणी समोर काही आलं आणि बोट वाऱ्याला आडवी वळवावी लागली, तर आठाचे एकदम पंधरा होतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्याच कापडावर साडेतीन पटींहून जास्त दाब. बोट कलते, सुकाणू पाण्यातली पकड सोडतं, आणि बोट आपल्या मर्जीने वाऱ्याकडे तोंड फिरवते. तेव्हा उपाय एकच, शीट सोडून द्यायचा.

म्हणून काका अंगावरच्या वाऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत. यंत्रावरचा खऱ्या वाऱ्याचा आकडा बघतात, आणि त्याहून जास्त पाणी बघतात. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस फुटू लागला, की शीड उतरवायचं. हे त्यांनी चढवण्याआधीच ठरवलेलं आहे. शीड भरल्यावर, बोट पळत असताना, हा निर्णय घ्यायला मन तयार होत नाही. ‘अजून अर्धा तास’ म्हणणारा माणूस प्रत्येक बोटीवर असतो. इथे ती पुतणी आहे.

[दृश्य: पूर्णगडजवळ. दुपार उतरलेली, पाण्यावर फेस.]

“काका, बोट सात नॉटने पळतेय! राहू दे ना थोडा वेळ.”

“सात आहेत म्हणूनच. जा पुढे.”

उतरवताना क्रम चुकवायचा नाही. आधी काका बोट वळवून वारा आणखी पाठीशी घेतात, इतका, की स्पिनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला येतो आणि त्याचा जोर जातो. मग शीट सोडायचा, सढळ हाताने. मग सॉक. शीट ताणलेला असताना सॉकचं कडं खाली येतच नाही. कितीही ओढा, वारा तुमच्यापेक्षा ताकदवान आहे. पुतणी डेकवर बसून ओढते, उभी राहून नाही. दोर हाताला गुंडाळत नाही. हे शीड भरलं तर माणसाला उचलू शकतं.

“काका, सोड! अजून सोड!”

कडं अर्ध्यावर अडकतं, ती दोर क्षणभर ढिला करते, पुन्हा ओढते. नायलॉन एका बाजूने कुरकुरत आत जातं. उरली डोलकाठीवरून लोंबणारी लांब नळी. मग ती सावकाश पिशवीत.

कधीकधी शीड पुढच्या तारेभोवती वेटोळं घालतं, मधे आवळलेलं, वर-खाली फुगलेलं. ओढाताण करून ते आणखी आवळतं. मुख्य शीड दुसऱ्या बाजूला घेतलं, तर पुष्कळदा वाऱ्याची घुमरी उलटी फिरते आणि वेटोळं आपोआप सुटतं. आणि शीड पाण्यात पडलंच, तर इंजिनच्या किल्लीला हात लावायचा नाही. सगळे दोर डेकवर आलेत हे मोजल्याशिवाय पंखा फिरवला, तर बंदरात ओढून न्यायला दुसरी बोट शोधावी लागते.

दिशा बदलायची वेळ आली, की शर्यतीतली मंडळी भरलेलं शीड नाळेपुढून फिरवतात. दोघांच्या बोटीवर सॉक खाली, मुख्य शीड पलीकडे, शीट फिरवून घ्या, सॉक वर. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

[दृश्य: तारिणी, शिडं भरलेली. संग्रहित चित्रण.]

दोन माणसांनी किती लांब जाता येतं, याचं उत्तर भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. यांनी दिलंय. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून, ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन करत, पृथ्वीला वळसा घालून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. बोट तारिणी, ५६ फुटी, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली. २५ मीटर उंच डोलकाठी, आणि शिडांच्या ताफ्यात पाठीवरच्या वाऱ्याची शिडंही. पण दोघींच्या बोटीवर एक झोपली, की दुसरी एकटीच असते. दोन माणसांच्या बोटीचा हा खरा हिशेब आहे. काम दोघांचं धरून शीड चढवलं, आणि रात्री दोन वाजता उतरवायला एकच जागी असेल, तर हिशेब चुकला.

म्हणून काका-पुतणीच्या बोटीवर सूर्य मावळायच्या आत स्पिनेकर पिशवीत. कोकणात याला आणखी एक कारण आहे. वारा उजव्या खांद्यावरून, म्हणजे शीड डावीकडे फुगलेलं. किनारा डावीकडे, मच्छीमार डावीकडे, त्यांची जाळीही डावीकडे. सुकाणूवरून नेमकी तीच बाजू झाकली जाते. बांबूला काळं फडकं आणि खाली थर्माकोलचा तुकडा, एवढीच जाळ्याची खूण. दिवसा पुतणी दर काही मिनिटांनी खाली वाकून शिडाच्या खालच्या कडेखालून बघते. रात्री तेही शक्य नाही. ज्याचं जाळं फाटतं त्याचा हंगाम बुडतो, आणि आपण तिथे मौजेसाठी गेलेलो असतो.

[दृश्य: गोवा. दोरीवर वाळत घातलेलं शीड.]

गोव्यात पोहोचल्यावर शीड गोड्या पाण्याने धुवायचं. मीठ राहिलं की कापड दमट राहतं. सावलीत वाळवायचं, कारण उन्हाने नायलॉन कुजतं. पुतणी सॉकला पीळ पडलाय का ते वरपासून खालपर्यंत तपासते, एक छोटी फाट सापडते, तिला चिकटपट्टी लागते.

परतीला हाच वायव्य वारा तोंडावर. ही पिशवी मुंबईपर्यंत उघडायची नाही. पहाटेच्या मतलईवर मिळेल तेवढं उत्तरेला सरकायचं, दुपारी खारा वारा चढला की देवगडला किंवा जयगडला नांगर टाकायचा. इंजिन लागणारच, म्हणून काका डिझेलच्या टाकीत काठी बुडवून बघतायत.