पाणी वाढलं तरी मीठ तेवढंच

नमस्कार मंडळी, आज मिठाच्या पाण्याची टक्केवारीची गणितं घेऊया, तीच ती, 10 टक्क्यांचं द्रावण 4 टक्क्यांवर आणायचंय तर पाणी किती घालायचं वगैरे. वही-पेन हाताशी असेल तर बरं, नसेल तरी चालेल, आकडे तोंडी करता येतील असेच घेतलेत.

समजा 10 टक्क्यांचं द्रावण आहे 200 ग्रॅम. बरीच मुलं लगेच 10 मधून 4 वजा करतात आणि मग त्या 6 चं करायचं काय हेच कळत नाही. टक्के जरा बाजूला ठेवा, आधी मीठ किती ते काढा. 200 चे 10 टक्के म्हणजे 20 ग्रॅम. आता वरून कितीही पाणी ओता, ते 20 ग्रॅम 20 च राहणार, मग प्रश्न उरला एवढाच की 20 हे कितीचे 4 टक्के? 500 चे. आधी 200 होतं, म्हणजे पाणी घालायचं 300 ग्रॅम. झालं!

एका ठिकाणी मात्र हमखास मार्क जातात. 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम मीठ टाकलं की 10 टक्के झालं असं वाटतं, पण भागायचं असतं अख्ख्या द्रावणाच्या वजनाने, म्हणजे 110 ने, उत्तर येतं साधारण 9.09.

आता हेच उलटं बघायचं तर उरण-पेणकडची मिठागरं आठवा. समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण 3.5 टक्के असतात आणि मीठ धरायला लागतं ते पाणी आटून 25 टक्क्यांच्या आसपास आलं की. ढोबळ हिशोब करूया, 100 किलो पाण्यात क्षार साडेतीन किलो, आणि साडेतीन हे 14 चे 25 टक्के, म्हणजे 86 किलो पाणी नुसतं उन्हावाऱ्याने उडून जायला हवं तेव्हा कुठे मिठाचा दाणा दिसायला लागतो! मला तर हे गणित शाळेत सगळ्यात आधी शिकवावं असं वाटतं, पाणी घाला नाहीतर उडवा, रीत तीच.

आणि दोन द्रावणं एकत्र केली तर टक्क्यांची सरासरी काढू नका हं. 200 ग्रॅम 10 टक्क्यांचं, 300 ग्रॅम 5 टक्क्यांचं, दोन्हींतलं मीठ 20 आणि 15, मिळून 35, भागिले 500, म्हणजे 7 टक्के, साडेसात नाही.