घरावर नजर फक्त आपलीच

नमस्कार मंडळी. चवथ झाली की बोटीवरची, गल्फमधली, पुण्या-मुंबईतली पोरं परत जातात आणि पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या कितीतरी घरांत मागे म्हातारी माणसं तेवढी उरतात, नाहीतर दाराला कुलूप. मग जाण्याआधी मुलगा चार कॅमेरे लावून जातो, मोबाइलवर घर दिसायला लागलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. चांगलंच आहे ते. पण ज्या वाटेनं तो मस्कतहून आईला बघतो त्याच वाटेनं कुणी परका पण आत डोकावू शकतो, आणि त्याबद्दलच आज बोलायचंय.

आधी बसवण्याचं. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींत वायफाय पार दमतं, म्हणून जमत असेल तर वायरचाच कॅमेरा घ्या. पीओई म्हणतात तो, एकाच नेटवर्क केबलमधून करंट पण जातो आणि चित्र पण, 100 मीटरपर्यंत आरामात. फक्त कॅमेऱ्याच्या मागचं कनेक्टर उघडं लटकत ठेवू नका हो, खारं वारं आणि आपला पाऊस, आतल्या पिना हिरव्या पडतात आणि कॅमेरा मधूनच बंद पडायला लागतो. जंक्शन बॉक्स लावा, कनेक्टर त्याच्या आत, आणि केबल बॉक्समध्ये शिरते तिथं खाली थोडा झोल सोडा म्हणजे पाणी झोलातूनच टपकून जातं. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, मागोमाग कोळी जाळं विणतो आणि मोबाइलवर उगाच अलर्ट वाजत राहतात, तेव्हा अधूनमधून काठीला फडका बांधून पुसून घ्या.

रेकॉर्डिंगचा हिशोब सोपा आहे. 2 एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट चित्र पाठवणारा) एक कॅमेरा दिवसाला साधारण 21 जीबी खातो, चार कॅमेरे असले तर 1 टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. जास्त दिवसांचं जपून ठेवायचं असेल तर 2 टीबी घेतलेली बरी. आणि एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा, पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आता खरी गोष्ट. 2016 साली मिराई नावाचं व्हायरस आलं, त्यानं काय केलं तर कंपनीतून येतात ते साठेक ठरलेले यूजरनेम-पासवर्ड, ॲडमिन-ॲडमिन असले, ते लावून लावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर 21 ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पाडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताच नाही! म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, लांब ठेवा, दुसरीकडे कुठेच वापरला नसलेला. राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना आपोआप बाहेरची वाट उघडू देणारी सोय, बंद करा, आणि बसवणारा म्हणाला की पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे राउटरमधून बाहेरची थेट वाट कॅमेऱ्यापर्यंत उघडून देतो तर नको म्हणा, त्यानं तुमचा कॅमेरा सगळ्या जगापुढं उघडा पडतो. बाहेरून बघायला व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट, सगळ्यात चांगलं, नाहीतर कंपनीचं ॲप, पण त्यात टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) चालू करूनच. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की टाळू नका. कॅमेरे राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठी असतं ते वेगळं वायफाय) किंवा एनव्हीआरच्या स्वतःच्या पोर्टवर राहू देत, घरच्या लॅपटॉप-मोबाइलमध्ये मिसळू नका.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक तपासतात. सिस्टम लावताना बसवणारा स्वतःच्याच मोबाइलवरून अकाउंट उघडतो आणि तुम्हाला नुसतं शेअर करून देतो, म्हणजे मालक तोच! माणूस चांगला असेल, तरी चावी आपल्याकडेच पाहिजे. ॲपमध्ये शेअरची यादी उघडून बघा, त्याच्याकडून डिव्हाइस सोडवून घ्या आणि आपल्या नावावर जोडा.

घरात पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देत असाल तर खोलीत, बाथरूमजवळ कॅमेरा चुकूनही नको. माणसाचं खाजगी अंग त्याच्या संमतीशिवाय टिपलं तर आयटी कायद्याच्या कलम 66ई खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजाऱ्याच्या खिडकीवर पण कॅमेरा रोखू नका, प्रायव्हसी मास्कनं तेवढा भाग काळा करता येतो.

आणि पोरांनो, आईला विचारा. कुठल्या कॅमेऱ्यात ती दिसते आणि कोण कोण बघतं हे तिला माहीत पाहिजे, आणि स्वयंपाकघरातला नको म्हणाली तर तो काढून बाहेर अंगणाकडे लावा.